पांढऱ्या गाडीवरची हळद

"ताई, गाडी चमकायला काय लावता?"

हा प्रश्न मला जितक्या लोकांनी विचारला असेल, तितक्या लोकांनी माझं नाव विचारलेलं नाही. प्रत्येकाला वाटतं, माझ्याकडे एखादी छुपी बाटली आहे. तिचं झाकण उघडलं की जुनी गाडी नवी होते. मी खरं उत्तर दिलं की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. खरं उत्तर असं, की आधी काय लावायचं नाही ते ठरवायचं. त्यातून जे उरेल ते लावायचं, तेही बेतानं.

परभणीला वसमत रस्त्यावर माझं वॉशिंग सेंटर आहे. नवरा पूर्ण्याला रेल्वेत. रस्त्याकडेची जागा सासऱ्यांची, बोअरला पाणी लागलेलं. सुरुवातीला मी ट्रॅक्टर, जीप, हळदीच्या आणि कापसाच्या ट्रॉल्या, जे येईल ते धुतलं. पदर खोचून हातात पाण्याचा जेट धरलेली बाई बघायला मोटारसायकली थांबायच्या. मी म्हणायची, "बघून झालं असंल तर गाडी लावा इकडं, धुऊन देते." निम्मे लाजून निघून जात, निम्मे खरोखर गाडी लावत. माझी पहिली गिऱ्हाइकं अशी जमली. बघे म्हणून आलेले.

पुढं कार वाढल्या, आणि मी डिटेलिंग शिकले. पुण्यात एका जाणकार माणसाकडे जाऊन राहून शिकले. हा शब्द इकडे नवा होता. लोक विचारत, धुण्यात आणि डिटेलिंगमध्ये फरक काय? मी सांगते, धुणं म्हणजे अंगावरचा चिखल काढणं. डिटेलिंग म्हणजे कातडीची काळजी घेणं. गाडीच्या पत्र्यावर रंग असतो आणि रंगावर एक पारदर्शक थर असतो. आपल्याला जी चमक दिसते ती त्या थराची. कांद्याचा पापुद्रा असतो ना, तसाच पातळ. पॉलिश मारलं की ओरखडे दिसेनासे होतात, कारण पॉलिश त्या थरातलं थोडंसं खरवडून काढतं. गेलेला थर परत येत नाही. म्हणून ज्याच्या गाडीला दर महिन्याला पॉलिश, त्याची गाडी चार वर्षांत म्हातारी.

शाम्पूचंही तसंच. कपड्याची पावडर किंवा भांड्याचा साबण लावला की फेस भरपूर येतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण फेस डोळ्यांना दिसायला असतो. पावडरीतला खार रंगावर चढवलेलं मेण उडवतो, रबर कोरडं करतो. मी सौम्य शाम्पू वापरते, ज्याला फेस कमी येतो, आणि "ताई, साबण कमी टाकायलाय व्हय?" हे बोलणं ऐकून घेते. फडकी वेगवेगळी. चाकाचं फडकं कधी बोनेटला लागत नाही, जसं ओट्याचं फडकं आणि फरशीचं फडकं आपण एक करत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी पाणी. आमच्या भागातलं बोअरचं पाणी खारं. काळ्या गाडीवर ते वाळू दिलं तर पांढरे गोल डाग पडतात, आणि उन्हात भाजले की निघता निघत नाहीत. म्हणून शेवटचं पाणी मी फिल्टरचं वापरते. पाण्याबद्दल एक सल मात्र कायमची आहे. एका उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीतली एक आजी घागर घेऊन माझ्या गेटाशी येऊन उभी राहिली. मी एक जीप धूत होते, पाणी नालीला चाललं होतं, आणि ती नालीकडे बघत होती. मी जेट बंद केला, तिची घागर भरली. पण त्या दिवसापासून जेट हातात धरताना पहिल्यासारखं मोकळं वाटलं नाही. नंतर मी खड्डा करून पाणी गाळून परत वापरायला लागले. ते आधीच करायला हवं होतं.

कुठलंही नवीन औषध (आम्ही बाटलीला औषधच म्हणतो) मी गिऱ्हाइकाच्या गाडीवर पहिल्यांदा वापरत नाही. भंगारातून आणलेला एक निळा बोनेट सेंटरच्या मागं भिंतीला टेकवून ठेवलाय. संभाजीनगरचा एक विक्रेता आला होता. सूट, टाय, हातात बॅग. "मॅडम, एक थेंब टाका आणि आरसा बघा." मी म्हटलं, "टाका थेंब त्या बोनेटवर. ऊन उतरेपर्यंत राहू द्या. तोवर चहा घ्या, जेवा." चारच्या सुमाराला त्या थेंबाच्या जागी डोळ्यात फूल पडावं तसा पांढुरका डाग. तो बिचारा बराच वेळ अंगठ्यानं तो डाग पुसत राहिला. पुढच्या खेपेला आला तेव्हा मला नमस्कार करायच्या आधी थेट बोनेटकडे गेला. आता तोच माझा चांगला पुरवठादार आहे.

अशी गिऱ्हाइकं आणि अशा गोष्टी पुष्कळ. डॅशबोर्ड चमकावा म्हणून खोबरेल तेल चोळणारे एक गुरुजी होते. त्यांच्या गाडीत धूळ अशी चिकटे की बोटानं बाराखडी लिहावी. पण मला विचाराल की या कामात तुमचा कस कुठं लागला, तर मी ताडकळसच्या लग्नाचं सांगेन.

लग्नसराई होती. दुपार व्हायची होती. फोन वाजला. पलीकडून घाबरा पुरुषी आवाज. "सुमनताई का? मी ताडकळसहून गंगाधर बोलायलोय. पोरीच्या गाडीला रगात लागल्यावानी झालंय. तुमी लगोलग या."

मला वाटलं अपघात झाला. "कुणाला लागलंय? दवाखान्यात नेलं का?"

"न्हाई न्हाई, लागलं कुणाला न्हाई. हळद लागली."

"मंग रगात?"

"हळदीचंच रगात झालंय हो ताई!"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हळदीचा डाग साबणानं धुतला की लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. मी विचारलं, "गाडी कोणती?" त्यांनी सांगितलं ते ऐकून मी खुर्चीवरून उठले. दोन सीटची, छत उघडणारी, पांढरी स्पोर्ट्स कार. आमच्या जिल्ह्यात अशी गाडी मी तोवर रस्त्यानं जाताना पाहिली होती, तिला हात लावला नव्हता.

सामान काढताना मी नेहमीसारखं काय घ्यायचं नाही हे आधी ठरवलं. इंजिनाचं काळं काढणारं जालीम औषध ठेवून दिलं. चाकाचं ॲसिड ठेवून दिलं. सौम्य शाम्पू, कातड्याचा क्लीनर, मऊ ब्रश, सगळ्यात हलकं पॉलिश, धुतलेली फडकी आणि फिल्टरच्या पाण्याचे कॅन व्हॅनमध्ये टाकले. निघताना भाजीवाल्याकडून लिंबं घेतली.

ताडकळसला गंगाधररावांचं घर शोधावं लागलं नाही. अख्खं गाव गाडीभोवती उभं होतं. गंगाधरराव हळदीचे व्यापारी, सज्जन माणूस, त्या वेळी मात्र गळ्यातल्या उपरण्यानं सारखा घाम पुसत होते. गर्दी बाजूला झाली आणि गाडी दिसली. जमिनीला टेकलेली, गुळगुळीत. आत फिकट कातड्याच्या दोन सीटा. त्यातल्या डाव्या सीटवर, माणूस बसतो नेमक्या त्या जागी, लालभडक डाग. खरंच रक्त सांडल्यासारखा. बोनेटवरही लाल ओघळ, आणि त्याभोवती घासणीचे गोल गोल ओरखडे.

नवरी समोर आली. अनुराधा. तोंडाला हळद, हातावर मेंदी. पुण्याला कंपनीत इंजिनियर. स्वतःच्या पगारातून साठवून तिनं ही गाडी जुनी विकत घेतली होती, आणि स्वतः चालवत पुण्याहून ताडकळसला आणली होती. घरापासून पूर्णा रस्त्यावरच्या मांडवापर्यंत तिला स्वतः गाडी चालवत जायचं होतं. एवढीच तिची हौस. सकाळी तिला हळद लागल्यावर चुलतबहिणींनी गाडीलाही हळद लावली. "हिला बी नवरी करा" म्हणून, तेलात कालवलेली हळद, बोनेटला आणि सीटला. ते बघून तिचे मामा, भुजंगमामा, यांनी भाचीला कळायच्या आत साफ करावं म्हणून कपड्याच्या पावडरीचं पाणी आणि हिरवी घासणी घेतली.

भुजंगमामा कडुलिंबाच्या झाडाखाली डोकं धरून बसले होते. धिप्पाड माणूस, पण डोळे पुसत बोलले. "जेवढं घासावं तेवढं लाल व्हायलं, ताई. मला वाटलं, लागलं पाप. म्हणून आणखी घासलं."

"तुमी मायेनं केलं," अनुराधा म्हणाली. "आता रडू नका. मावशींना काय हवं नको ते बघा."

एवढ्यात घरातून एक उंच, काटकुळी बाई आली. पांढरं लुगडं, गळ्यात लिंगाची डबी. गंगाधररावांची थोरली बहीण, कौसाआत्या. आईवेगळ्या अनुराधाला हिनंच वाढवलेलं. त्या घरात शब्द चाले तो आत्याचा.

"काय धुणं न्हाई आन् पुसणं न्हाई," ती म्हणाली. "ही गाडी मांडवात जायची न्हाई. नवरीच्या गाडीत रगात दिसलं. गंगाधर, गाडी पूर्ण्याला कुणाच्या तरी शेडात नेऊन लाव. आन् त्या शिटावर कुणी बसायचं न्हाई."

मी तिला समजवायला गेले. एका चिंधीला हळद लावली, पावडरीचं पाणी टाकलं, लाल झालं. लिंबू पिळलं, पुन्हा पिवळं. अनुराधा म्हणाली, "आत्या, आमी शाळेत हळदीचा कागद करायचो, तेच हे."

आत्यानं चिंधीकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "मला नका शिकवू. लुगडी धुण्यात जल्म गेला माझा. कापडावर काय होतंय ते ठाऊक हाय मला. पर कापड येगळं आन् नवरीचा दिवस येगळा." मग थोडं थांबून, भावाकडे न बघता म्हणाली, "माझ्या वरातीची जीप रस्त्यात बंद पडली तवा समदे हसले. मी बी हसले. वरीस झालं न्हाई तर मालक गेले, आन् मी परत हितं. तवापासून मला हसू येत न्हाई."

ती अडाणीपणानं बोलत नव्हती, भीतीनं बोलत होती. त्या भीतीवर लावायला माझ्या व्हॅनमध्ये काही नव्हतं.

अनुराधानं तिचा हात धरला. "आत्या, डाग पार निघाला तर? तूच बघ. तुझ्या डोळ्याला ठिपका जरी दिसला, तर मी गाडी न्हेणार न्हाई. शब्द देते."

आत्यानं हात सोडवून घेतला. "ठिपका जरी दिसला तरी मी न्हाई म्हणंन हां. तोंड बघून बोलणार न्हाई."

"नको बोलूस."

अनुराधा माझ्याकडे वळली. "मावशी, उद्याच्या मुहूर्ताआधी निघंल का?"

"निघंल आसं मी म्हणत न्हाई," मी म्हणाले. "पर निघूस्तोवर मी हितून हलत न्हाई."

सगळ्यात आधी पुण्याच्या माझ्या गुरूंना फोन केला. त्यांनी फोटो मागवला. बघून म्हणाले, "सुमन, त्या सीटचं कव्हर बदलायला सांग. रिस्क घेऊ नकोस." सल्ला चुकीचा नव्हता. पण त्या गाडीचं कव्हर लग्नाआधी ताडकळसला येणार कुठून? मी त्यांचे आभार मानले आणि फोन व्हॅनमध्ये ठेवून दिला.

बोनेटवरचे लाल ओघळ सौम्य शाम्पूनं निघून गेले, ओरखडे राहिले. सीटवर पहिलं काम पावडर काढण्याचं. ती शिवणींत जाऊन वाळली होती. ओल्या फडक्यानं, मऊ ब्रशानं, शिवण न् शिवण. मग लिंबू. लिंबू सरळ पिळायचं नाही. कातड्याला तेही झोंबतं. फिल्टरच्या पाण्यात थोडं. आणि तेही आधी सीटच्या खालच्या बाजूला, जिथं कुणाला दिसत नाही, तिथं लावून बघितलं. कातडं जसंच्या तसं राहिलं. मग डागावर फडकं टेकवलं. लाल होता तो नारिंगी झाला, नारिंगीचा पिवळा झाला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. आत्या ओसरीवरून म्हणाली, "रंग बदलला. डाग न्हाई गेला."

बरोबर होतं तिचं. आता लढाई पिवळ्याशी होती. कातड्याच्या क्लीनरनं फडकी पिवळी होत गेली, डागही फिका झाला, पण एका मर्यादेला येऊन थांबला. माझ्याकडे स्पिरिट होतं. हळद स्पिरिटनं सुटते. खालच्या बाजूला एक थेंब पाण्यात मिसळून लावला आणि बोटानं चाचपलं. कातड्यावरचा लेप किंचित खरखरीत लागला. मी बाटलीचं झाकण लावलं. डाग जाईल आणि सीटही जाईल, असं औषध मला नको होतं.

आता राहिलं ऊन. हळद लागलेलं कापड आपण उन्हात वाळत घालतो, आणि डाग आपोआप उडतो. पण आमच्या धंद्याचा नियम उलटा. गाडी उन्हात ठेवून काम करायचं नाही. ऊन कातडं तडकवतं, बोनेटवरचं पाणी भाजून डाग पाडतं. एकाच गाडीला एका जागी ऊन हवं होतं आणि बाकी सगळीकडे सावली.

मी गंगाधररावांना म्हटलं, "मांडवाचं कापड हाय का उरलेलं? आन् चार माणसं?"

चार जणांनी बोनेटवर कापड ताणून धरलं. सीटच्या कडांवर मी धुवट पंचे अंथरले. डागापुरती जागा उघडी ठेवली. छत उघडून ऊन नेमकं त्यावर पडेल अशी गाडी लावली. सूर्य सरकला की गाडी वीतभर ढकलायची. ते काम भुजंगमामांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. जेवायला बोलावलं तरी हलले नाहीत. मी मधून मधून सीटला हात लावून बघे. तापली की पंचा टाकायचा, निवली की काढायचा. पोळी भाजल्यासारखं ते काम. नजर हटवली की करपलं.

डाग खरंच उतरत होता. पिवळ्याचा फिका पिवळा, साईसारखा. आणि मग तिसऱ्या प्रहरी, लग्नसराईत हमखास येतात तसे ढग आले. ऊन गेलं. चार थेंबही पडले, आम्ही घाईनं छत लावलं. कापड धरणारे हात खाली आले.

आत्या आली, वाकून बघितलं. "हाय अजून."

"हाय," मी म्हणाले. "उद्या सकाळी बघू."

त्यांनी मला मुक्कामाला ठेवून घेतलं. घरात पाहुणे, गडबड, बांगड्यांचा आवाज. अनुराधा माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला विचारलं, "येवढी अडून कामून बसलीस? जीपमधून गेलीस तरी लगीन तर व्हणारच की."

ती म्हणाली, "मावशी, आमच्या घरातून प्रत्येक पोरगी कुणीतरी नेली म्हणून गेली. आत्याला नेली, आन् परत आणून सोडली. तिनं मला गाडी शिकायला पैले पैसे दिले, बांगड्या मोडून. मला तिच्या देखत स्वतः चालवत जायचंय. बास."

झोपायच्या आधी आभाळ मोकळं राहू दे म्हणून मी जेवढं देवाला विनवलं, तेवढं माझ्या स्वतःच्या कामासाठी कधी विनवलं नव्हतं.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. सूर्य वर यायच्या आत, गारव्यात, मी बोनेटचे ओरखडे घेतले. सगळ्यात हलकं पॉलिश, सगळ्यात मऊ पॅड, आधी कोपऱ्यात बघून. बहुतेक ओरखडे गेले. दोन खोल होते. त्यांच्यासाठी जड पॉलिश लागलं असतं, आणि त्यानं तो पापुद्र्याएवढा थर बराच खाल्ला असता. मी अनुराधाला दाखवलं. ती हसून म्हणाली, "राहू द्या ते दोन. भुजंगमामानं सही केलीय आसं समजू." मामा पलीकडे तोंड करून उपरण्यानं डोळे पुसत होते.

ऊन चढलं तशी पुन्हा तीच तऱ्हा. कापड, पंचे, ढकलणं. आज कापड धरायला न सांगता माणसं आली. न्हाव्यानं धरलं, आचाऱ्यानं पोळ्या लाटता लाटता येऊन थोडा वेळ धरलं. बँडवालेही आले होते. त्यातल्या एकानं ताशा खाली ठेवून कोपरा धरला. डाग साईसारखा होता तो दुधासारखा झाला, आणि मग मला तो शोधावा लागायला लागला. मी फडक्यानं सीट पुसली, कातड्याला ओलावा देणाऱ्या लोशनचा हलका हात फिरवला, आणि सरळ उभी राहिले. पाठ मोडून आली होती.

"बोलवा आत्याला," मी म्हटलं.

अनुराधा नवरीच्या वेषात बाहेर आली, मुंडावळ्या बांधलेली. आत्या तिच्या मागून. सगळे मागं सरले. आत्यानं चष्मा लावला. सीटवर वाकली. एका बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं. बोटानं चाचपलं. बोट नाकाशी नेलं.

"न्हाई दिसत," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "का माझ्या डोळ्यालाच मोतीबिंदू झालाय?"

"आत्या, मला बी न्हाई दिसत," मी म्हणाले.

तिनं सुस्कारा सोडला आणि मागं फिरली. अनुराधानं तिचा पदर धरला.

"कुठं चाललीस? बस."

"कुठं बस?"

"शिटावर. माझ्या बाजूला. दोनच शिटा हायेत, एक माझी, एक तुझी."

आत्यानं पदर ओढून घेतला. "येडी हायेस का काय? माझ्यासारखीनं नवरीजवळ बसावं? आज? लोक काय म्हणतील? बापाला बसीव."

"मला न्हाऊ घालताना चाललीस. ताप आल्यावर उशाला बसताना चाललीस. आज कशी चालत न्हाईस?"

आत्यानं गंगाधररावांकडे बघितलं. बहुतेक तिला वाटलं, भाऊ तरी हिला समजावेल. अंगणात माणसं, दारात पाहुणे, नवऱ्याकडचेही दोघे-तिघे आलेले. गंगाधरराव दोन पावलं पुढं आले, गाडीचा डावा दरवाजा उघडला आणि तो हातानं धरून उभे राहिले. "बस, अक्का," एवढंच म्हणाले.

ती बसली. कशी बसली ते सांगते. आधी सीटच्या कडेवर, अंग चोरून, जणू जागा दुसऱ्याची आहे. मग सीट खोल असल्यामुळं आपोआप मागं गेली, आणि पाठ टेकली. तिला पट्टा लावता येईना. मी वाकून लावून दिला. तिनं माझा हात क्षणभर धरला आणि सोडला.

अनुराधानं गाडी सुरू केली. इंजिनाचा आवाज गल्लीभर घुमला. कडुलिंबावरचे कावळे उडाले. पुढं बँड, मागं माणसं, मधोमध ती बुटकी पांढरी गाडी, मुंगीच्या पावलानं. भुजंगमामा बाजूनं पळत होते, गाडीला कुणाचा हात लागू नये म्हणून. मी फडकं हातात घेऊन मागून चालत होते. छत उघडं होतं, त्यामुळं दोघींची डोकी दिसत होती. एकीच्या मुंडावळ्या आणि एकीचा पांढरा पदर. कडेला उभ्या बायका एकमेकींना कोपरानं खुणावत होत्या, काहींनी तोंडाला पदर लावला. आत्या सरळ समोर बघत बसली होती.

गाव संपलं. पूर्णा रस्ता लागला, समोर दूरवर मांडवाची कमान. बँडवाले थांबून थांबून वाजवत होते, आणि गाडी त्यांच्यामागं थांबून थांबून चालत होती. तेवढ्यात पुढून आत्याचा आवाज आला, बँडच्या वरताण, खणखणीत:

"आगं, येवढी हळू कामून? याच्यापरीस बैलगाडी बरी. दाब की!"

अनुराधानं हॉर्न दिला. बँडवाले दोन्ही बाजूंना पांगले, आणि गाडी आम्हा सगळ्यांना मागं टाकून सुसाट निघाली. धुरळ्यातून आत्याचं हसू ऐकू आलं.